शाळेंतील मुलांचें रक्षण

अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत कोलंबाइन नांवाची शाळा आहे. तेथें ता. २० एप्रिल १९९९ रोजीं दोन विद्यार्थ्यांनीं बंदुका झाडून १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांस ठार मारिलें आणि शेवटीं आत्मघात केला. शाळेस हत्यारबंद पहारेकरी होता, तरी अनर्थ टळला नाहीं. मग उपाय कोणता?

सन २००२ मध्यें तेथील सरकारनें अशा ३७ प्रसंगांची चौकशी प्रसिद्ध केली. तींत चार गोष्टी दिसून आल्या. पहिली, असा मुलगा अमुकच घरचा किंवा स्वभावाचा असतो, असें नाहीं. दुसरी, अपराध्यांपैकीं शेंकडा ७१ जणांस आपला छळ झाला असें वाटत होतें. तथापि छळ सोसणारीं बहुतेक मुलें कोणास इजा करीत नाहींत, म्हणून हें एकच कारण नव्हे. तिसरी, दोनतृतीयांशांहून अधिकांस बंदूक स्वतःच्या किंवा आप्तांच्या घरीं मिळाली. चौथी, शेंकडा ८१ प्रसंगांत तो बेत कोणास तरी, बहुधा सोबत्यास, आधींच ठाऊक होता. परंतु मोठ्यांच्या कानीं तो क्वचितच गेला.

यास्तव, आईबापहो, हत्यार कुलपांत ठेवा. शिक्षकहो, सांगावयास आलेल्या मुलास दटावूं नका. चहाडी दुसऱ्यास मार बसावा म्हणून करितात. ही खबर तर जीव वांचावा म्हणून द्यावयाची असते.

वर्गांत विचारावें : तुमच्या मनांतील भय तुम्ही कोणास सांगाल? ज्या मुलास उत्तर सुचणार नाहीं, त्याच्याकडे प्रथम लक्ष द्यावें.