वहीत लिहून मन हलकं होतं का?

प्रश्न : आम्ही मुलींच्या वसतिगृहात राहतो. मागच्या सत्रापासून आमच्या मजल्यावर एक दोनशेपानी वही ठेवली आहे. कुणाशी बोलता येत नाही ते नाव न घालता तिच्यात लिहायचं आणि वाचणारीने खाली दोन ओळी धीराच्या लिहायच्या, असं ठरलं. सुरुवातीला छान चाललं. आता एकीने काळजी वाटावी असं लिहिलंय आणि ती कोण हे आम्हाला माहीत नाही. लिहिल्याने खरंच बरं वाटतं का? आणि हे आम्ही मुलींनी करावं, की जाणकारांवर सोडावं?
— पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, राहुरी तालुका

उत्तर : आधी त्या मुलीबद्दल. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला उत्तर कळवलं होतं. अशी वेळ इतरांवरही येऊ शकते म्हणून ते इथे पुन्हा देत आहे. तिच्या ओळींखाली लिहा : "तू लिहिलंस ते आम्ही वाचलं. अमुक खोलीत आम्ही आहोत, रात्री कितीही वाजता ये." त्याखाली १४४१६ हा नंबर लिहा. ही केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, तिला पैसे पडत नाहीत, ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मग रेक्टर मॅडमना सांगा. आणि खोलीखोलीत जाऊन चौकशी करा : जेवलीस का, झोप लागते का, घरी बोलणं झालं का? जिच्याबद्दल शंका येईल तिला बाजूला घेऊन थेट विचारा, की जगणं नकोसं झालंय का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं, याने माणसाला सुटल्यासारखं वाटतं. 'हो' असं उत्तर आलं तर तिला एकटं सोडायचं नाही आणि 'कुणाला सांगू नकोस' हे वचन पाळायचं नाही. मैत्रीत दिलेला शब्द मोडायला जड जातं, पण इथे मोडायचा.

आता तुमचा पहिला प्रश्न. लिहिल्याने बरं वाटतं, पण लगेच नाही आणि सगळ्यांना सारखं नाही. अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तुमच्याच वयाच्या मुलामुलींवर केलेला होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींनी साध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशाच्या घटनेवर. क्लेशाचं लिहिणारे लिहून उठले तेव्हा जास्तच खिन्न होते. पुढच्या काही महिन्यांत मात्र, घटनेबरोबर मनात काय झालं तेही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. त्यानंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. २००६ साली त्यांतले १४६ एकत्र तपासले गेले, तेव्हा निष्कर्ष निघाला की फायदा खरा आहे, पण लहान आहे.

त्या प्रयोगातली एक गोष्ट तुमच्या वहीत नाही. त्या मुलांनी लिहिलेलं त्यांच्या वर्गातलं कुणी वाचणार नव्हतं. तुमची वही मजल्यावर आहे. नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतं. वर्षभर एकमेकींच्या नोट्स उतरवून घेणाऱ्या मुलींना कुणाचा 'ळ' कसा आहे हे पाठ असतं. मग लिहिणारी अक्षर बदलून लिहिते, किंवा खरं ते सोडून वरवरचं काहीतरी लिहिते. आणि खाली येणाऱ्या ओळी? 'टेन्शन घेऊ नकोस', 'सगळं छान होईल', 'पॉझिटिव्ह रहा'. बापाने दोन एकर गहाण टाकून फी भरली आहे, किंवा आईवडील सहा महिने ऊसतोडीला गेलेत आणि घरी आजी आणि धाकटी भावंडं आहेत, अशा मुलीने या ओळींचं काय करायचं? पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या कितीतरी जणींची ही स्थिती आहे. त्यांना ओळी नको असतात, समोर बसून ऐकणारं माणूस हवं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : सामाईक वही बंद करा, पण लिहिणं बंद करू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. जेवणं झाली, मेसमधली टेबलं पुसून झाली की ज्यांना यायचं त्यांनी आपापली वही घेऊन बसावं. मोबाइल खोलीत ठेवून यायचं. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. नंतर वाचून दाखवायची सक्ती नाही आणि जिची वही तिच्याकडेच राहील. मग चहा घेत गप्पा मारा. खरा उपयोग पुष्कळदा या गप्पांचाच होतो. महाविद्यालयाचं भित्तिपत्रक आणि वार्षिक नियतकालिक हीही आपली जुनी, चांगली ठिकाणं आहेत. पण तिथे प्राध्यापक संपादन करतात, चारचौघं वाचतात. जखम जरा भरल्यावर तिच्याबद्दल लिहायला ती योग्य आहेत, ओली असताना नाहीत.

असं स्वतःपुरतं लिहिण्याचा, न पाठवायच्या पत्रांचा एक थोर नमुना आपल्या नगरच्याच किल्ल्यात घडला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला तिथे डांबलं, त्यात मौलाना आझाद होते. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला ते पत्रं लिहीत. ती तुरुंगाबाहेर जाणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, तरी लिहीत. चहाबद्दल लिहिलं, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल लिहिलं. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या; शेवटची भेट झाली नाही. दोनच दिवसांनी त्यांनी त्याबद्दल पत्र लिहिलं. वरून रोजचा दिनक्रम ढळू न देणाऱ्या माणसाची आत चाललेली धडपड त्यात दिसते. ही पत्रं १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपात आली. त्याच तटबंदीत नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि ते बरोबरच्या बंदिवानांना अर्पण केलं. लिहायचं एकट्याने आणि राहायचं सोबतीत, हे त्या किल्ल्यात शक्य झालं. तुम्हालाही तेवढंच साधायचं आहे.

मात्र लिहिता येतं म्हणजे माणूस सावरला, असं धरून चालू नका. विशीच्या आतबाहेरचे बालकवी ठोंबरे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं, त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त ते आलं आहे. मराठीत निसर्गाचा इतका आनंद क्वचितच कुणी लिहिला असेल, आणि त्यांच्याच एका कवितेचं नाव 'उदासीनता' आहे. एवढं लिहिणाऱ्यालाही रुसवा काढणारं, वेळेवर जेवायला वाढणारं घर लागलं. म्हणून तुमच्यात जी सुंदर लिहिते, वर्गात बक्षिसं मिळवते, तिच्याकडेही लक्ष असू द्या.

दुसरा प्रश्न : हे तुमचं काम की जाणकारांचं? याचं उत्तर जामखेडला मिळतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाब, क्षयाची लक्षणं हे सगळं त्या शिकल्या आणि गावाने त्यांच्यावर विश्वास टाकला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका एकदाच शिकून गावात सुटल्या नव्हत्या. त्या नियमित जामखेडला येत, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत, आणि कुठला रोगी दवाखान्यात न्यायचा हे त्यांना पक्कं ठाऊक असे. मनाच्या आजारातही हे चालतं. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या माणसांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी बसवलं; रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही शिक्षण होतं आणि देखरेख होती.

तेव्हा ऐकणं, सोबत बसणं, जेवायला घेऊन जाणं, दवाखान्यात बरोबर जाणं, हे तुमचं काम आणि ते तुम्ही निःशंकपणे करा. निदान, औषध आणि रात्ररात्र एकटीने कुणाचा जीव सांभाळणं हे तुमचं काम नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, वर्गात येणं बंद, सामान वाटून टाकणं, निरोपाची भाषा — यांतलं काही दिसलं की मोठ्यांना मध्ये घ्यायचं. आणि ऐकणारीला स्वतःलाही कुणी ऐकणारं हवं, हे विसरू नका.

आता एक अर्ज करा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा, आणि 'टेली-मानस'सारख्या सेवांचे नंबर वसतिगृहात दिसतील असे लावायला हवेत. तुमच्याकडे हे आहे का ते बघा. नसेल तर सगळ्या मजल्यांच्या सह्या घेऊन प्राचार्यांना द्या.

प्रश्न : मुलगी सुटीला घरी आली की रोज वहीत लिहीत बसते आणि आम्ही आलो की मिटते. वाचून पाहावी का?
— एक पालक, श्रीरामपूर

उत्तर : वाचू नका. एकदा वाचल्याचं तिला कळलं की ती लिहिणंही थांबवेल आणि तुमच्याशी बोलणंही. ती लिहिते आहे हे चांगलं लक्षण आहे. चेहरा उतरलेला वाटतो, जेवण कमी झालंय, हे दिसत असेल तर तिलाच विचारा आणि ती सांगेल तेव्हा मध्ये न बोलता, मार्कांचा विषय न काढता ऐका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडून आली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.