घरभाड्याचे अर्थशास्त्र : धार आणि देवासच्या निमित्ताने

मराठीत भाडे, कानडीत बाडिगे, माळव्यात किराया. शब्द बदलला तरी व्यवहार एकच. आपली वास्तू दुसऱ्यास वापरावयास देऊन तिचा मोबदला घेणे हा तो व्यवहार होय. प्रस्तुत लेखात या व्यवहाराचा वाणिज्याच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

मागणी कोठून येते? धार व देवास ही पवारांची संस्थाने. 1948 साली ती मध्य भारतात विलीन झाली आणि दरबारी नोकरीचा आधार संपला. मराठी कुटुंबांकडे उरले ते घर. पुढे 1970 च्या दशकात देवासला नोटांचा छापखाना आला, 1980 च्या दशकात धार जिल्ह्यात पिथमपूरची औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्याबरोबर बदलीवरचा नोकर येतो, आणि त्याला पहिल्या दिवसापासून खोली लागते. म्हणून घर घेताना त्याच्या देखणेपणापेक्षा कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर व पाण्याची सोय आधी पाहावी.

हिशेब कसा मांडावा? उदाहरणादाखल 20 लाखांचे तयार घर घेतले व दरमहा 7,000 रुपये भाडे आले असे धरू. वर्षाचे 84,000 झाले. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे 7,000 आणि घरपट्टी व दुरुस्तीचे 14,000 वजा जाता 63,000 उरतात. म्हणजे शेकडा सव्वातीनही नाही. यासाठी 14 लाखांचे कर्ज शेकडा 9 दराने काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे 1,26,000 होते. भाड्यातून हप्ता फिटेल ही आशा येथेच मावळते.

आता दुसरा मार्ग पाहा. घर स्वतःचेच आहे. 5 लाख खर्चून दोन खोल्या वाढविल्या आणि भाडे 4,000 आले. वर्षाच्या 48,000 मधून रिकाम्या महिन्याचे 4,000, घरपट्टीचे 2,000 व दुरुस्तीचे 4,000 वजा केल्यास 38,000 राहतात. उत्पन्न शेकडा 7.6. जागेची किंमत नव्याने मोजावी लागत नाही, हे त्याचे कारण. नवख्याने येथूनच आरंभ करावा.

प्राप्तिकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर शेकडा 30 सूट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्ती कमी झाली काय किंवा जास्त, सूट तीच.

कायदा काय म्हणतो? एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो; अकरा महिन्यांचा करार रूढ झाला तो यामुळे. परंतु मुदत संपली की घर मोकळे झाले, हा समज चुकीचा आहे. मध्यप्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्याने घर खाली करून घेण्यासाठी ठराविक कारणे नेमून दिली : मागणीची नोटीस पोचल्यावर दोन महिन्यांत थकबाकी न भरणे, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःला जागेची खरी गरज असणे इत्यादी. ही कारणे मालकाला जाच वाटतात. पण लेकराबाळांसह राहणाऱ्या भाडेकरूचे छप्पर त्यांवरच टिकून असते. म्हणून करार लेखी करावा, भाड्याची पावती दरमहा द्यावी आणि मागून घ्यावी.

वारसांचे काय? देवासमध्ये एकाच गावात थोरली व धाकटी अशा दोन पात्या नांदल्या, कारण वाटणी स्पष्ट होती. आपल्या वाड्यांचे तसे नसते. आजोबांच्या नावावरच्या वाड्यात चार भावांचे वारस असतात. भाडे एक घेतो, दुरुस्ती कोणीच करीत नाही, आणि शेवटी भिंत पडते. तेव्हा भाडेकरू शोधण्यापूर्वी नगरपालिकेतील नाव, वाटणीपत्र व भाडे घेण्याचा अधिकार कोणाचा, हे कागदावर आणावे.

सारांश, भाडे हे बसून खाण्याचे उत्पन्न नव्हे. गळके छप्पर वेळेवर दुरुस्त करणारा मालक आणि तारखेला भाडे देणारा भाडेकरू, या दोघांच्या सचोटीवर हा धंदा चालतो. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरीनिमित्त आधी भाडेकरू होतील आणि मग कदाचित मालक. दोन्ही बाजूंचा हिशेब आताच शिकलेला बरा.