अनोळखी स्नेही

मैत्रीचे सोंग घेऊन लुबाडण्याची विद्या जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील सधन गृहस्थांना अनोळखी पत्रे येत. कोणी धनवान कैदी स्पेनच्या तुरुंगात खितपत पडला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडे द्रव्य धाडावे, म्हणजे पुढे त्याच्या संपत्तीचा वाटा मिळेल, असा त्यांतील मजकूर असे. आज तेच पत्र मोबाइलवर येते. भेद इतकाच, की पूर्वी ते लोभाला हाक घाली. आता एकाकीपणालाही घालते.

आपल्या समा परिसरातही मुले परदेशी आणि आईवडील येथे, अशी घरे आहेत. तेथे कोणीतरी रोज ‘जेवलात का?’ असे विचारू लागतो. तो स्वतःस परदेशस्थ डॉक्टर म्हणवितो. छायाचित्र दुसऱ्याच कोणाचे तरी असते. कित्येक आठवडे तो पैशाचा शब्दही काढीत नाही, आणि माझ्या मते त्याचे खरे कसब येथेच आहे. मग भेटवस्तू पाठविल्याची वार्ता येते. पाठोपाठ ‘कस्टम अधिकारी’ दूरध्वनी करतो, की पार्सल विमानतळावर अडकले आहे, शुल्क भरा. ते भरले की दंड, दंड भरला की दाखला! पार्सल मुळात नसतेच. सीमाशुल्क खाते दूरध्वनी करून कोणाच्या खासगी खात्यात पैसे भरावयास सांगत नाही.

पलीकडे लिहिणारा कधी कधी स्वतःच बंदिवान असतो. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून अशी कामे करवून घेतली जात. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना मायदेशी आणले.

संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तक्रारच झाली नाही, तर कायदा काय करणार? ‘एवढी शिकलीसवरलेली माणसे फसतात तरी कशी?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न फसलेल्याचे तोंड बंद करतो, आणि त्या अवधीत पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत राहतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास बँकांना तो वाटेतच अडविण्याची संधी मिळते.

संतापाच्या भरात आजोबा सारे संदेश पुसून टाकू पाहतात. तेव्हा नातवाने आधी मोबाइल मागून घ्यावा, व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि रक्कम वहीत उतरवून घ्यावी, आणि मगच १९३० फिरवावा.