विहिरीचा आलेख

विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी आलेख शिकवला. आडव्या रेघेवर आठवडे आणि उभ्या रेघेवर पाणी किती फूट ते लिहायचं. मी आमची विहीर मोजली. दोरीला दगड बांधला, फुटाफुटावर गाठी मारल्या. दगड तळाला टेकला की दोरी वर ओढायची आणि ओल्या गाठी मोजायच्या. फेब्रुवारीपासून दर सोमवारी सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी मोजलं, कारण संध्याकाळी पाणी उतरलेलं असतं. बाबा जवळ असायचे.

पाच सोमवारी १८, १६, १४, १५ आणि १३ फूट भरलं. मी उभ्या रेघेवर हेच आकडे वरून खाली ओळीने लिहिले. रेघ एकदम सरळ आली. गुरुजी म्हणाले, "अशी तर सगळ्यांच्याच विहिरीची येईल." मग ० पासून एका घराला एक फूट धरून पुन्हा काढली. तर चौथ्या सोमवारी रेघ वर गेली! मला वाटलं, गाठी मोजायला चुकलो. मी ठिपका खोडायला लागलो. गुरुजी म्हणाले, "खोडू नकोस. त्या आठवड्यात काय झालं ते आठव." तेव्हा आमची मोटार जळाली होती! उपसा बंद आणि झरे चालू.

मोटार चालली की आठवड्याला २ फूट पाणी जातं. मी पुढे तुटक रेघ काढली. ती साडेसहा आठवड्यांनी तळाला लागते, म्हणजे एप्रिलमध्येच. बाबा गवार लावणार होते. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली नि म्हणाले, "यंदा गाईपुरतं कडवळच करू." आजी म्हणते, झरे आटले की रेघ आणखी भरभर उतरेल. सोमवारी कळेल.