बाजार हलला नाही, तरी सरासरी का पडली?

प्रश्न : मी रोज बाजार समितीतला सोयाबीनचा सर्वसाधारण दर वहीत टिपतो आणि पाच दिवसांची सरासरी काढतो. परवा भाव जागचा हलला नाही, तरी सरासरी दोनशेनं उतरली. हिशेब तीनदा तपासला. माझं कुठं चुकलं?
— एक शेतकरी, मोर्शी

उत्तर : तुमचं काहीच चुकलं नाही. वहीत मागं जाऊन बघा, तिथं एखादा चढा भाव सापडेल.

समजा, भाव 6,000 वर स्थिर होता. एके दिवशी आवक कमी झाली, हर्रासात चढाओढ लागली आणि 7,000 लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा 6,000. तुमची सरासरी 6,200 झाली नि पाच दिवस तिथंच बसली. सहाव्या दिवशी तो चढा आकडा मागून गळाला आणि ती 6,000 वर आली. बाजारात काही घडलंच नव्हतं. म्हणून सरासरी हलली, की आज कोणता भाव आत आला आणि कोणता बाहेर पडला, दोन्ही बघा. अशा उताराला घाबरून घरातला माल मुळीच काढू नका.

घातांकी सरासरीत हा झटका बसत नाही. आजचा भाव आणि कालची सरासरी यांतल्या फरकाचा एक तृतीयांश कालच्या सरासरीत मिळवायचा. वरच्याच उदाहरणात 6,333, मग 6,222, मग 6,148. चढा भाव हळूहळू विरतो.

पण भाव खरोखर 5,000 वर येऊन तिथंच थांबला तर? पहिल्या दिवशी साधी सरासरी 5,800 वर, घातांकी 5,667 वर. चौथ्या दिवशी दोन्ही 5,200 च्या आसपास भेटतात. पाचव्या दिवशी साधी 5,000 वर पोचते, घातांकी मात्र 5,132 वर रेंगाळते.

2021 च्या ऑगस्टात दहा हजारांच्या घरात गेलेलं सोयाबीन ऑक्टोबरात पाच हजारांच्या आसपास आलं, ते आठवा. भाव रोज शंभरनं उतरत राहिला, तर या दोन्ही सरासऱ्या थोड्याच दिवसांत बाजाराच्या दोनशेनं वर राहतात. त्यांच्याकडे बघून भाव टिकून आहे असं समजणारा हमखास फसतो. उताराचा वेगही हिशेबात धरण्याची रीत चार्ल्स होल्ट यांनी 1957 मध्ये मांडली, ती याचसाठी.

वहीत ओलाव्याचा रकाना जरूर वाढवा. ओला माल जास्त आला, की वाळलेल्या मालाचा भाव तोच असूनही सर्वसाधारण दर उतरतो. आणि संत्र्याला ही सरासरी लावताना आंबिया बहाराचे शेवटचे भाव नि मृग बहाराचे पहिले भाव एकत्र करू नका. मृगाची वही कोऱ्या पानावर सुरू करा.