घोळ उपटू नकोस गं!

अगं, परसातल्या भोपळ्याला फुलं भरपूर येतात, पण बारकी फळं पिवळी पडून गळतात, म्हणत होतीस ना? आता आणखी खत ओतू नकोस. भोपळ्याची नर-मादी फुलं वेगळी. पराग इकडचा तिकडे न्यायला सकाळच्या पारी माशी हवी, आणि खायला काही नसेल तर ती तुझ्या दारी कशाला येईल? तिच्यासाठी घोळ लाव. हो, खुरपताना आपण बांधावर फेकतो तीच! पिवळ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांवर फुलोरी माश्या कशा घोंगावतात, बघ एकदा. तिची धाकटी बहीण चिवळ, चार पाकळ्यांची, तीही चालेल.

गोदावरी उशाशी असली तरी आपल्या पुणतांब्यात आवर्तन लांबलं की परसाला पाणी कुठलं? घोळीचं त्यावाचून अडत नाही. पानादांड्यांत ती पाणी साठवते. फारच ताण पडला तर दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेते आणि रात्री हवा आत ओढते.

दिवसभर ऊन लागेल अशी भिंतीकडची जागा निवड. सावलीत फुलं उघडतच नाहीत. काळ्या मातीत पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून मुरूम-वाळू मिसळून कड जरा उंच कर. करंड्याचं झाकण निघावं तसं बोंडाचं टोपण सुटतं, त्याआधी बोंडं खुडून घे. काळं, बारीक बी वाळूत कालवून ऊन तापू लागलं की वरच पसर आणि हाताने दाब. मातीखाली पुरू नकोस, त्याला उजेड लागतो. बी नसेल तर दांड्या खोच, लगेच मुळं धरतात.

मात्र कांद्याच्या वाफ्यापासून लांब ठेव, तिथे ती तणच. औषध मारायचंच असेल तर संध्याकाळी. घोळीची फुलं तोवर मिटलेली असतात. फवारलेली घोळ खायची नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्याच्या ताटात वाढू नकोस. आणि दांडी मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुसरंच काहीतरी आहे.

सासूबाई म्हणतीलच, "हे काय तण वाढवलंय?" आधी मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी वाढ. माश्यांचं नंतर सांग.