सापाला खोकता येत नाही

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत असतो. तिथे त्याने बॉल पायथन पाळला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर साप दाखवला, तर श्वासाबरोबर बारीक शिट्टी ऐकू येत होती. तो म्हणतो, ‘आई, साप फुसकारतातच.’ मला मात्र काळजी वाटते. आजार ओळखायचा कसा?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. घाबरलेला किंवा चिडलेला साप फुसकारतो आणि त्याला एकटं सोडलं की थांबतो. निवांत वेटोळं घालून पडलेल्या सापाचा श्वास ऐकू येता कामा नये. आधी एवढं विचारा, कात टाकायची वेळ आली आहे का? नाकपुडीत कातीचा तुकडा अडकला तरी शिट्टी वाजते. कात पूर्ण निघून गेल्यावरही आवाज राहिला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

सापाला आपल्यासारखं छाती-पोटामधलं श्वासपटल नसतं. त्याचा श्वास बरगड्यांच्या स्नायूंवर चालतो. त्यामुळे जोर लावून खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. कफ आत साचत राहतो, आणि वरून ठीक दिसणारा साप प्रत्यक्षात बराच आजारी असू शकतो. म्हणून मुलाला उजेडात नीट बघायला सांगा. नाकपुडीशी किंवा ओठांच्या कडेला बुडबुडे आहेत का? तोंडात चिकट, तार धरणारी लाळ दिसते का? डोकं वर उचलून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर एक दिवसही थांबू नये. खाणं झाल्यावर एखादी मोठी जांभई दिली, तर तो जबडा जागेवर बसवत असतो. त्यात काळजीचं काही नाही. थंडीत बॉल पायथन कित्येक आठवडे खात नाहीत, तेव्हा नुसत्या उपाशीपणावरून आजार ठरवू नका.

पिंजऱ्यातली ऊब कमी पडली की सापाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि जंतूंचं फावतं. उबदार बाजूला साधारण ३१-३२ अंश सेल्सिअस हवेत, थंड बाजूला २५-२७. काचेला चिकटवलेला थर्मामीटर काचेजवळचं तापमान सांगतो. मोजायचं ते साप बसतो त्या जागेचं. हवा थोडी दमट हवी, पण खालचं अंथरूण ओलं राहू देऊ नये.

व्हेपोरब, वाफारा किंवा घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या यांतलं काहीही नको, हे त्याला निक्षून सांगा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य एक्स-रे काढतील, तोंडातला नमुना तपासतील. जिवाणूंचा संसर्ग असेल तर बहुधा इंजेक्शनं देतील. निडोव्हायरस निघाला तर मात्र हमखास औषध नाही. बॉल पायथनमधला हा विषाणू २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखला.

(इथल्या वाचकांसाठी : आपल्याकडचा अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो घरात पाळणं गुन्हा आहे.)

मुलाकडे दुसरा साप असेल, तर निदान होईपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं. पाण्याचं भांडं आणि चिमटाही वेगळा. रोज आधी निरोगी सापाचं सगळं करावं, मग आजाऱ्याचं, आणि हात साबणाने धुवावेत.